कुणासाठी घेतलीस?

शाळेनं मागच्या भिंतीला खिंडार पाडून नवं फाटक बसवलं आणि थोरलीच्या दुकानाला उतरती कळा लागली.

फाटक बालवर्गातल्या मुलांसाठी होतं. पुढच्या रस्त्याला गाड्या फार, म्हणून लहानग्यांना मागच्या गल्लीतून सोडायचं ठरलं. थोरलीला आधी आनंदच झाला. तिचं दुकान वह्या-पेन्सिलींचं आणि झेरॉक्सचं. पोरं वाढली तर खोडरबरं वाढतील, असा तिचा साधा हिशेब. पण दुकान खरं चालत होतं ते गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटावर. त्यात सिगरेटी, व्हेपच्या म्हणजे वाफेच्या सिगरेटच्या कांड्या आणि त्यात भरायच्या निकोटिनच्या शिश्या असत. फाटकाचा रंग वाळतो न वाळतो तोच दोन माणसं मोजपट्टी घेऊन आली. फाटकाच्या बिजागरीपासून त्यांनी माप धरलं ते थेट थोरलीच्या उंबऱ्यापर्यंत. कायदा असा की शाळेच्या फाटकापासून शंभर मीटरच्या आत निकोटिनची कुठलीही वस्तू विकायची नाही. थोरलीचं दुकान आत आलं. मग ते रस्ता ओलांडून समोर गेले, दोन दारं पुढच्या दुकानाकडे. तिथं मोजपट्टी पायरीच्या अलीकडेच संपली. "ह्या बाई बाहेर," एकानं सांगितलं आणि दुसऱ्यानं मान डोलावली.

ह्या बाई म्हणजे थोरलीची धाकटी जाऊ. थोरलीचा परवाना गेला, धाकटीचा राहिला.

'जावा जावा, उभा दावा' असं म्हणतात, पण ह्या दोघींचं तोवर बरं चाललं होतं. थोरलीचा नवरा छापखान्यात होता. हृदयविकाराचा झटका आला तसं काम सुटलं, सिगरेट सुटली, आणि सिगरेट सोडवायला म्हणून व्हेपची कांडी हातात आली ती तेवढी राहिली. तो आता झेरॉक्स मशीनजवळ बसे. त्याचा धाकटा भाऊ जहाजावर इंजिनाच्या कामाला, वर्षातून दोनदा घरी येणारा. त्याला मूल नव्हतं. त्यामुळे थोरलीची एकुलती एक मुलगी दोन घरांत मिळून वाढली. तान्ही असताना ती बसवाल तिथं बसून राही, टकमक बघत. म्हणून काकूनं तिचं नाव ठेवलं ठकी, लाकडाच्या बाहुलीवरून. पोरगी आता अठराला टेकली होती, शाळेची विद्यार्थी-प्रमुख होती, नर्सिंगच्या कॉलेजात तिची निवड झाली होती, पण नाव ठकीच.

धाकटीच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू होई तो दुकान बंद होईपर्यंत. गिऱ्हाइकाला ती 'राजा' म्हणे, मग तो विशीतला असो की सत्तरीतला. हसली की गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. मनात काही ठेवायचं तिला माहीतच नव्हतं. परवाना गेला त्याच दिवशी ती रस्ता ओलांडून आली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली,

"वहिनी, मुळीच घाबरू नका. तुमची गिऱ्हाइकं जाऊन जाऊन जाणार कुठं? माझ्याचकडे. जे सुटेल त्यातलं अर्धं तुमचं. घरातल्या घरात काय!"

"मला भीक नको," थोरली म्हणाली.

"भीक काय वहिनी? काहीतरीच!" धाकटी हसली, आणि जाता जाता तिनं त्या चौघांनाही सांगितलं, "चला रे राजांनो, आता समोर."

आणि ते गेले. हातातल्या वह्या तशाच ठेवून गेले.

तेव्हापासून थोरलीच्या पोटात जे पेटलं ते विझलंच नाही. ती गल्ल्यावर बसून समोर बघत राही. माणसं येतात, काच सरकते, हसू ऐकू येतं, माणसं जातात. कुणी नुकसान केलं तर त्याच्याशी भांडता तरी येतं. हिनं तर वर मदत देऊ केली होती.

एक दिवस थोरलीनं सरकारी तक्रार-क्रमांकावर फोन लावला. नाव सांगितलं नाही. फक्त सांगितलं, अमुक गल्लीत, अमुक दुकानात, अठराच्या आतल्या पोरांना व्हेप मिळतात.

खात्यानं आपला माणूस पाठवला, म्हणजे पोरगाच. परीक्षा घ्यायला ते अठराच्या आतल्यांनाच गिऱ्हाईक बनवून धाडतात आणि स्वतः कोपऱ्यावर गाडीत बसतात. पोरगा उंच होता, ओठांवर काळपट लव होती. धाकटीनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"राजा, मिशी घरून रेखून आणलीस की वाटेत उगवली? ओळखपत्र दाखव."

पोरगा रिकाम्या हातानं परतला. थोरलीनं पुन्हा फोन केला. ह्या वेळी एक थोराड मुलगी आली, ओठ रंगवलेली, उंच टाचांची. धाकटीनं तिच्याकडेही ओळखपत्र मागितलं, वर खुर्ची देऊन पाणी पाजलं आणि त्या टाचांनी कंबर कशी जाते ते समजावलं. मग कोपऱ्यावरच्या करड्या गाडीतून तपासनीस बाई उतरल्या. किरकोळ अंगाच्या, मऊ आवाजाच्या. त्यांनी धाकटीचं कौतुक केलं आणि दुकानाच्या काचेवर एक हिरवं स्टिकर लावलं, 'जबाबदार विक्रेता'.

ते सांगायला धाकटी धावतच आली. "वहिनी, बघितलंत? कुणीतरी मेल्यानं तक्रार केली होती माझी! देव करो नि त्याचे हात झडोत. पण झालं काय? उलट बक्षीस मिळालं!"

"वा," थोरली म्हणाली. "नशीब काढलंस."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती मूर्ख नव्हती. ती विचार करायला लागली. ही बाई अनोळखी पोरांना भुलत नाही. मग ओळखपत्र न मागता ती देईल तर कुणाला? जिचं वय तिला पाठ आहे, जिच्याकडे ओळखपत्र मागायचं तिच्या मनातच येणार नाही, अशीच कुणी हवी.

ते सुचलं तेव्हा थोरली वह्यांना किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. तिनं चिठ्ठ्या चिकटवणं थांबवलं नाही. मनाला एवढंच समजावलं, की पोरीला काय होणार? पोरीला काही होत नाही. कायदा विकणाऱ्याला धरतो.

नवऱ्याची पाठ धरली आणि तो आतल्या खोलीत पडून राहिला, तेव्हा तिनं तिसरा फोन केला. "गणवेशातल्या मुलींना देते हो ती. ओळखीच्या असल्या की देते. शाळा सुटायच्या वेळी या, डोळ्यांनी बघा." दुसऱ्या दिवशी नवऱ्याची अर्धी भरलेली शिशी तिनं मोरीत उपडी केली, वरून पाणी सोडलं आणि रिकामी शिशी उशाशी ठेवून दिली.

"संपली वाटतं," नवरा आतून म्हणाला. "काल तर होती."

"मला काय माहीत. मी ओढते का?"

शाळा सुटली तेव्हा करडी गाडी शिंप्याच्या दुकानाआड उभी होती. थोरलीनं ती दोनदा बघितली होती, तिला ओळखायला कष्ट पडले नाहीत. ठकी घरात शिरली, दप्तर खांद्यावर, छातीवर विद्यार्थी-प्रमुखाचा पितळी बिल्ला.

"ठकी, दप्तर ठेव. काकूकडून बाबांची शिशी घेऊन ये."

"मी?" ठकी हसली. "मला नाही देणार ती. अजून अठरा कुठं पुरी झालीत? गेल्या वेळी मी नुसती हात लावायला गेले तर हातावर चापटी मारली तिनं."

"तुला नाही देणार, बाबांना देईल. सांग, पाठ धरलीय, उठवत नाही, तळमळतायत. जा पटकन."

"तूच जा ना आई."

"मी दुकान कुणाच्या जिवावर सोडू? जा म्हटलं ना!"

ठकी गेली. थोरली दाराशी उभी राहिली. समोरच्या काचेतून सगळं दिसत होतं. पोरगी काहीतरी सांगत होती, धाकटी मान हलवत होती. नाही, नाही. मग धाकटी गल्ल्यामागून निघाली आणि चक्क दुकानाच्या पायरीवर आली. कपाळावर हात धरून तिनं इकडे बघितलं.

"वहिनी! अहो वहिनी! दादांना बरं नाही का?"

हो म्हटलं तर ते गाडीत ऐकू जाणार. नाही म्हटलं तर पोरगी हात हलवत परत येणार. ती मटकन खाली बसली, झेरॉक्स मशीनच्या मागे, गुडघे पोटाशी घेऊन.

"वहिनी!"

"कोण हाका मारतंय?" नवऱ्यानं आतून विचारलं.

"कुणी नाही," थोरली जमिनीवरून कुजबुजली. "पडून राहा."

धाकटी थोडा वेळ थांबली असेल. तिच्याकडे तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि एक जण घाई करत होता. ती आत गेली. तिनं कपाटातून शिशी काढली, ठकीच्या हातात दिली आणि तिच्या गालाला हात लावून काहीतरी बोलली. ठकीनं पैसे पुढे केले ते तिनं घेतलेसुद्धा नाहीत.

ठकी पायरी उतरली आणि तपासनीस बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. बरोबर दोन माणसं. एकानं शिशी काढून घेतली, दुसरा आत गेला.

"अहो, ही माझी पुतणी आहे!" धाकटीचा आवाज आला. "पैसेही नाही घेतले मी. विकली कुठं?"

"नुसती हातात दिली तरी गुन्हाच आहे, बाई. कायद्यात पुतणी-भाची असं काही नसतं."

गर्दी जमायला वेळ लागत नाही. शाळा नुकतीच सुटलेली, त्यामुळे पोरं होती, पोरांच्या आया होत्या, शिंपी गळ्यात टेप घेऊन आला होता. थोरली उठली, कपडे झटकले आणि शांतपणे रस्ता ओलांडायला लागली. तिला धाकटीचं तोंड जवळून बघायचं होतं. ते बघण्यासारखंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईला शब्द सुचत नव्हता.

तेवढ्यात तपासनीस बाईंचा मऊ आवाज तिच्या कानावर आला.

"घाबरू नकोस, बाळ. नीट ऐक. तुला कुणी पाठवलं असेल तर तुझ्यावर काहीच येत नाही. लहान पोरांना असल्या वस्तू आणायला पाठवणाऱ्यावर येतं. त्याला तुरुंग आहे. आणि स्वतःसाठी घेतली असशील तर आम्हाला शाळेला कळवावं लागेल. तेव्हा खरं सांग. कुणासाठी घेतलीस?"

थोरलीचे पाय रस्त्याच्या मधोमध थबकले. तुरुंग. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं.

ठकीनं वर बघितलं. गर्दीतून तिला आई दिसली. पोरीचा चेहरा सुटला, आता आई आली, आता सगळं नीट होईल असा. तिनं तोंड उघडलं.

"आई—"

थोरलीनं उरलेला रस्ता धावत ओलांडला आणि पोरीच्या मुस्कटात मारली. अशी मारली की बिल्ला सुटून खाली पडला.

"कुणासाठी घेतलीस गं? सांग ना! लाज नाही वाटत? बाप आत अंथरुणावर आणि तू असले धंदे करतेस? कधीपासून ओढतेस?"

ठकीनं गाल धरला नाही. ती आईकडे बघत राहिली. टकमक, लहानपणी बघायची तशी. तिच्या डोळ्यांत आधी गोंधळ होता, मग तो हळूहळू निवळला. थोरलीला ते निवळताना दिसलं. काल अर्धी भरलेली बाबांची शिशी, करडी गाडी, काकूच्या हाकेला न आलेलं उत्तर, पोरीला एकेक उमगत गेलं असावं. ती हुशार होती. उगाच विद्यार्थी-प्रमुख नव्हती केली तिला.

"माझ्यासाठी," ठकी म्हणाली. "मी माझ्यासाठी घेतली."

"ठकी!" काकू ओरडली. "अगं मला तर तू म्हणालीस दादांसाठी..."

"खोटं बोलले."

आणि थोरली, एकदा सुरुवात झालीच होती म्हणून, जावेकडे वळली. "आणि तू! तुझ्या अंगाखांद्यावर वाढली ना ती? माझ्या पोरीच्या हातात विष देतेस? स्वतःचं असतं तर दिलं असतंस?"

गर्दीतल्या दोन-तीन आयांनी माना डोलावल्या. धाकटी काचेवरच्या त्या हिरव्या स्टिकरला टेकून उभी होती. "चुकलं वहिनी," ती म्हणाली. "माझं चुकलं. पोरीला मारू नका."

त्या रात्री थोरलीनं पोरीच्या ताटात जास्तीचं वाढलं. ठकीनं सगळं संपवलं, ताट धुतलं आणि ती झोपायला गेली. थोरलीला वाटलं, चला, निभावलं.

शाळेत त्यांनी तिचा बिल्ला काढून घेतला. तेवढ्यावर भागलं असतं, पण मुख्याध्यापकांना एक कल्पना सुचली. मुलांना पुस्तकातून सांगून कळत नाही, प्रत्यक्ष उदाहरण दाखवावं. म्हणून ठकीला रोज एका वर्गात पाठवायला लागले. फळ्यापुढे उभं राहून तिनं सांगायचं, मी व्हेप कशी ओढायला लागले, खोटं कशी बोलले, आईवडिलांचा विश्वास कसा घालवला. जिनं जन्मात कांडी तोंडाला लावली नव्हती ती पोरगी खोकल्याचं, छातीतल्या घरघरीचं वर्णन करी. बाबांचं बघितलेलंच होतं, ते ती आपलं म्हणून सांगे. इतकं चांगलं सांगे की बालवर्गातली एक चिमुरडी रडायला लागली. नर्सिंग कॉलेजाला चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा होता. शाळेनं तो दिला नाही, आणि जागा दुसऱ्या मुलीला गेली.

मागच्या फाटकातून सुटलेली पोरं थोरलीच्या दुकानात पेन्सिली घ्यायला येत. "तुमची ताई वाईट आहे ना?" एकानं विचारलं. थोरलीनं पेन्सिल दिली, सुटे पैसे दिले आणि म्हणाली, "हो. तू तसा होऊ नकोस."

खोटं सांभाळायचं म्हणजे त्याला रोज खतपाणी घालावं लागतं. शेजारणी विचारत, आता कशी आहे पोरगी? मग थोरली त्यांच्यादेखत ठकीचं दप्तर पालथं करी. बाहेरून आली की तिच्या केसांना, कपड्यांना नाक लावून वास घेई. "काय करणार, लक्ष ठेवावं लागतं," असं वर शेजारणीला सांगे. ठकी हात बाजूला करून उभी राही, वास घेऊ देई. आणि नवल असं, की हळूहळू थोरलीला खरंच कधीकधी वास आल्यासारखा वाटायला लागला.

चौकशी खात्याच्या कचेरीत झाली. लांबट टेबल, पंखा, पलीकडे तपासनीस बाई आणि त्यांचे साहेब. अलीकडे धाकटी, ठकी, आणि पालक म्हणून थोरली.

"ही म्हणाली वडिलांसाठी हवीय," धाकटीनं सांगितलं. "त्यांना बरं नव्हतं. मी विश्वास ठेवला."

साहेबांनी थोरलीकडे बघितलं. "तुम्ही पाठवलं होतं का हिला?"

पंख्याचा आवाज येत होता. ठकी आपल्या नखांकडे बघत होती.

"नाही," थोरली म्हणाली. "आई असं करील का, साहेब?"

धाकटीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, बराच वेळ. थोरलीला वाटलं, आता ही बोंब मारणार, आता हिचा पट्टा सुरू होणार. पण धाकटी पुन्हा साहेबांकडे वळली आणि म्हणाली, "मला आणखी काही सांगायचं नाही. दिली ती मीच दिली."

परवाना रद्द झाला, भारी दंडही झाला. व्हेप आणि सिगरेटींवाचून ते दुकान म्हणजे नुसतं कपाट. जुनी गिऱ्हाइकं पुढच्या चौकात जायला लागली. धाकटीचा नवरा जहाज सोडून बंदरावरच्या कारखान्यात कामाला लागला आणि त्यानं बायकोला कळवलं, सगळं मोडून टाक आणि इकडे ये. दुकान एका अनोळखी माणसानं घेतलं, चष्मे विकायला.

थोरलीनं जे हवं होतं ते मिळवलं होतं. समोर आता हसू ऐकू येत नव्हतं. तिची विक्री मात्र होती तिथंच होती, शंभर मीटरच्या आत.

ठकीला अठरा पुरी झाली त्याच आठवड्यात तिनं सांगितलं, "मी काकूबरोबर जातेय. तिथं एका दवाखान्यात मदतनीस घेतायत. दाखला मागत नाहीत." विचारलं नाही, सांगितलं. आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

निघायच्या दिवशी धाकटीनं थोरलीला हाक मारली. रिकाम्या दुकानात खोकी रचलेली होती. धाकटी एका खोक्यावर बसली होती. ती बोलायला लागली तर आवाज इतका खाली, की थोरलीला पुढं सरकावं लागलं.

"वहिनी, मी पायरीवरून हाका मारत होते तेव्हा तुम्ही मशीनमागे खाली बसलात. मला दिसलं होतं. तेव्हा म्हटलं, काही पडलं असेल, उचलत असतील."

थोरलीनं खोक्यांकडे तोंड फिरवलं.

"कचेरीत तुम्ही 'नाही' म्हणालात ना, तेव्हा कळलं काय उचलत होतात."

"मग तिथंच का नाही बोललीस?"

"बोलून काय झालं असतं? माझा परवाना थोडाच वाचणार होता. तुम्ही आत गेला असतात. आणि मग ठकी? आई तुरुंगात म्हणून रडली असती. डबे घेऊन भेटायला आली असती. तुमच्या नावानं झुरली असती." धाकटीनं खोक्याची दोरी आवळली. "मी म्हटलं, नको. राहू दे वहिनींना बाहेर. रोज पोरीच्या डोळ्यांसमोर राहू दे. पोरगी आपणहून उठून माझ्याकडे येईपर्यंत मी वाट बघितली."

"तिला वर्गावर्गात उभं करत होते, तेव्हा?" थोरलीचा आवाज चिरकला. "तू एका शब्दानं सोडवली असतीस तिला!"

"तुम्हीही."

"तिची जागा गेली! तुला ठाऊक असून तू..."

"हो," धाकटी म्हणाली. "असून. मला मूल नव्हतं, वहिनी. तुम्हीच म्हणाला होतात ना त्या दिवशी, सगळ्यांसमोर? आता आहे."

थोरली तशीच घरी धावली. ठकी दारात चप्पल घालत होती, पिशवी खांद्याला. थोरलीनं तिचा दंड धरला.

"तुझ्या काकूला सगळं ठाऊक होतं. कचेरीतच ठाऊक होतं. ती मुद्दाम गप्प बसली, तुला तोडायला, तुला न्यायला! आत्ता म्हणाली ती माझ्याजवळ. विचार जाऊन तिला!"

ठकीनं चपलेचा पट्टा लावला. मग सरळ उभी राहिली आणि आईचे हात दंडावरून एकेक करून सोडवले. हलक्या हातानं, एखाद्या पेशंटचे सोडवावेत तसे.

"आई, पुरे," ती म्हणाली. "निदान तिचं नाव तरी घेऊ नकोस."

"शप्पथ सांगते! खरं बोलतेय मी!"

"बरं," ठकी म्हणाली आणि आत जाऊन बाबांच्या पाया पडून आली. आईच्या पडली नाही.

गाडी गेली. थोरली आत आली. नवरा खाटेवर बसला होता, भिंतीला टेकून. ठकी पकडली गेली त्या दिवसापासून त्यानं व्हेप सोडली होती. का, हे तिनं विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं.

"ऐकलंत का, ती तुमची भावजय काय म्हणाली? सगळं माहीत असून..."

"मी जागा होतो," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी. 'ठकी, दप्तर ठेव.' सगळं ऐकलं मी. शिशी मोरीत ओतलीस तेही ऐकलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तुरुंगात गेली असतीस तर माझं कुणी केलं असतं? पोरगी तर शिकायला जाणार होती." मग त्यानं विचारलं, "जेवायला काय आहे?"

तिनं वाढलं. दोघं जेवले.

ठकीचा फोन दर रविवारी येतो, बाबांच्या फोनवर. दवाखान्यात तिचं बरं चाललंय. काकू तिला सकाळी सोडायला जाते, संध्याकाळी आणायला जाते, वाटेत दोघी हसत असतात म्हणे. नवरा हे सगळं मोठ्यानं पुन्हा बोलून दाखवतो, थोरलीला ऐकू जावं म्हणून. ती पलीकडच्या खोलीत भांडी विसळायची थांबवून ऐकते. शेवटी शेवटी तो म्हणतो, "हो, आई बरी आहे." पण त्याच्या आधी तो तिकडचं काही ऐकायला थांबलेला नसतो. तिकडून ते कुणी विचारलेलंच नसतं, हे थोरलीला कळतं.